लाँग आयलंड मोटर पार्कवे पाहायला जाताना: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर 1904 ते 1910 या काळात अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या मोटार शर्यती झाल्या आणि त्यातूनच फक्त मोटारींसाठी बांधलेला एक रस्ता उभा राहिला. गाड्यांचं वेड असलेली मंडळी हे कुठेतरी वाचतात, मुलाकडे-मुलीकडे न्यूयॉर्कला आली की फोनवर 'मोटर पार्कवे' टाकतात आणि फोन त्यांना हॉपॉगमधल्या कुठल्यातरी ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेऊन सोडतो. मग मला फोन येतो, "अरे, इथे पाहायचं काय?"

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडच्या क्वीन्स भागात राहत असल्यामुळे आल्यागेल्याला हा रस्ता दाखवणं माझ्याकडे लागलेलंच आहे. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. इथे शर्यतीचा ट्रॅक मिळणार नाही. ना स्टँड, ना फिनिश लाइन, ना पिट. शर्यती बऱ्याचशा सार्वजनिक रस्त्यांवर झाल्या आणि ते रस्ते आज सहा लेन, सिग्नल आणि पिझ्झाची दुकानं यांच्याखाली गाडले गेलेत. शिल्लक आहे तो त्यानंतरचा टोलचा रस्ता, तोही तुकड्यातुकड्यांत. शर्यत शोधायला निघालात तर चिडचिड होईल. रस्ता शोधायला निघा, भरपूर सापडेल.

1. निघण्यापूर्वी एवढा इतिहास माहीत हवा

तो नसला तर पुलाखाली उभं राहूनही पूल दिसत नाही, म्हणून या भागात जरा रेंगाळतो.

विल्यम किसम व्हँडरबिल्ट धाकटे, म्हणजे सगळ्यांचे 'विली के.', जन्म 1878. रेल्वे आणि जहाजांवर गडगंज झालेल्या कमोडोर व्हँडरबिल्टचा हा पणतू. पैशाला तोटा नाही, वेगाचं वेड. त्या वेळी चांगल्या गाड्या फ्रान्स आणि जर्मनीत होत आणि अमेरिकन कारखाने त्यांच्या मागे होते. आपल्याकडच्या कारखानदारांना चुरस लागावी म्हणून त्याने चांदीचा करंडक ठेवला आणि 8 ऑक्टोबर 1904 ला पहिली व्हँडरबिल्ट कप शर्यत झाली.

कोर्स त्रिकोणी, एक फेरी सुमारे 30 मैलांची, फेऱ्या दहा. रस्ते मातीचे. धूळ बसावी म्हणून त्यांवर हजारो गॅलन कच्चं तेल ओतलं होतं. शेतकऱ्यांसाठी जागोजाग फलक लावले होते: कुत्री बांधून ठेवा, कोंबड्या कोंडून ठेवा. हिक्सव्हिल आणि हेम्पस्टेड या गावांतून जाताना मात्र गाडीने वेग सोडायचा. तिथे तिची तपासणी व्हायची आणि पुढे सायकल चालवत एक माणूस तिला गावाबाहेर नेऊन सोडायचा. घोड्यांच्या गतीने चालणाऱ्या गावातून नव्वद-शंभर अश्वशक्तीचं धूड सायकलमागे गुरगुरत चाललंय, हे चित्र मला त्या सबंध शर्यतीत सगळ्यात आवडतं.

जिंकला जॉर्ज हीथ, पॅरिसमध्ये राहणारा अमेरिकन, पॅनहार्ड गाडीत, ताशी सरासरी 52 मैलांनी. म्हणजे 84 किलोमीटर. आज हसू येईल, पण तेलकट मातीवर, बिनसीटबेल्टचं, उघड्यावर. प्रत्येक गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा. तेलाचा दाब राखायचा, मागून कोण येतंय ते बघायचं, टायर फुटला की उतरायचं ही त्याची कामं. पहिल्याच शर्यतीत कार्ल मेन्सेल हा असा मेकॅनिक गेला.

1905 ला व्हिक्टर एमेरी आणि 1906 ला लुई वॅग्नर जिंकले. दोघेही फ्रेंच, दोघेही दाराक गाडीत. 1906 ला गर्दी इतकी उसळली की लोक थेट रस्त्यात उतरून गाडी येताना बाजूला उड्या मारत होते. एक प्रेक्षक मेला. पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही.

पार्कवेची कल्पना इथून उचल खाते. सार्वजनिक रस्त्यावर गर्दी आवरत नाही ना, मग आपलाच रस्ता बांधू. 1906 मध्ये कंपनी स्थापन झाली, जून 1908 मध्ये कामाचा नारळ फुटला (नारळ आपला, त्यांनी फावडं मारलं) आणि ऑक्टोबरपर्यंत पहिला तुकडा तयार झाला. काँक्रीटचा रस्ता, वळणांना बाहेरच्या अंगाला उचल, दोन्ही कडांना खांब, आणि मुख्य म्हणजे वाटेत आडवा येणारा प्रत्येक महत्त्वाचा रस्ता पुलाने ओलांडलेला किंवा पुलाखालून काढून दिलेला. घोडागाडीला मज्जाव. बाजूच्या शेतातून कुणी मधेच घुसू शकत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोळ्यांसमोर आणा, फक्त दोन लेनचा आणि जवळजवळ शतकभर आधीचा.

24 ऑक्टोबर 1908 च्या शर्यतीत या नव्या रस्त्याचा काही भाग कोर्समध्ये होता. जॉर्ज रॉबर्टसन जिंकला, लोकोमोबाईल गाडीत, 16 नंबर लावून. या करंडकावर अमेरिकन गाडीने नाव कोरलं ते पहिल्यांदा. विली के.ला जे हवं होतं ते झालं. 1909 आणि 1910 ला हॅरी ग्रँट अॅल्को गाडीत लागोपाठ जिंकला, पण 1910 ला पुन्हा माणसं दगावली आणि त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने रस्त्यांवरच्या शर्यतींना बंदी घातली. 1911 ला करंडक जॉर्जिया राज्यात सव्हाना इथे गेला आणि लाँग आयलंडचा विषय मिटला.

रस्ता मात्र राहिला. टोल भरून श्रीमंतांनी गाड्या फिरवायचा रस्ता म्हणून तो आणखी 28 वर्षं चालला. वाढत वाढत क्वीन्सपासून लेक रॉन्कॉन्कोमापर्यंत सुमारे 45 मैल झाला. टोल सुरुवातीला दोन डॉलर होता. फोर्डने 1914 साली कामगाराला पाच डॉलर रोज जाहीर केला तेव्हा देशभर खळबळ उडाली होती, यावरून दोन डॉलरचा अंदाज बांधा. पुढे टोल दीड डॉलर झाला, मग एक, आणि शेवटी 40 सेंट. तेवढ्यात न्यूयॉर्कमध्ये सरकारी रस्ते आणि उद्यानं बांधणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी शेजारूनच नॉर्दर्न स्टेट पार्कवे आणला. रुंद, नवा आणि फुकट. मग टोल कोण भरणार? 1938 च्या ईस्टरला मोटर पार्कवे बंद झाला आणि थकलेल्या सुमारे 80,000 डॉलर कराच्या बदल्यात सरकारजमा झाला. टोलच्या रस्त्याला शेजारच्या फुकटच्या रस्त्याने मारलं, एवढीच ही गोष्ट. मोझेसला खलनायक ठरवून रडणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. सोळा-बावीस फूट रुंदीच्या नागमोडी रस्त्याला 1938 च्या गाड्या पेलल्याच नसत्या.

2. नावांचा घोळ आधी मिटवा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

'लाँग आयलंड मोटर पार्कवे', 'व्हँडरबिल्ट मोटर पार्कवे' आणि नुसता 'मोटर पार्कवे' ही एकाच रस्त्याची नावं. पण आजच्या नकाशात 'व्हँडरबिल्ट मोटर पार्कवे' लिहिलेला जो लांबलचक रस्ता दिसतो तो फक्त सफोक काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) भाग, काउंटी रोड 67. क्वीन्समधल्या भागावर आता मोटारीच जात नाहीत, तिथे सायकल आणि पायवाट आहे. मधल्या नॅसॉ काउंटीत रस्ता म्हणून सलग काही उरलेलंच नाही.

दुसरा घोळ शर्यतींच्या कोर्सचा. 1904, 1905 आणि 1906 चे कोर्स वेगवेगळे, तेही सार्वजनिक रस्त्यांवरचे. 1908 ते 1910 चे कोर्स पुन्हा वेगळे, थोडे पार्कवेवर आणि थोडे बाहेर. तेव्हा कुणी "शर्यत इथून जायची" म्हणालं की पहिला प्रश्न: कुठल्या वर्षी?

आणि तिसरा. 1936 आणि 1937 ला वेस्टबरीजवळच्या रूझवेल्ट रेसवेवर 'व्हँडरबिल्ट कप' याच नावाच्या शर्यती झाल्या. पहिली अल्फा रोमिओमध्ये तात्सियो नुवोलारीने मारली, दुसरी ऑटो युनियनमध्ये बर्न्ड रोझेमायरने. त्या घराण्याच्या पुढच्या पिढीच्या जॉर्ज व्हँडरबिल्टने भरवलेल्या, खास बांधलेल्या ट्रॅकवरच्या. त्यांचा मोटर पार्कवेशी संबंध नाही, आणि तो ट्रॅकही आता नाही.

3. स्वतःचा नकाशा करा

यासाठी घरी एक संध्याकाळ द्या. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे, म्हणजे यूएसजीएसचे, जुने नकाशे त्यांच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात. लाँग आयलंडचे पार्कवे चालू असतानाच्या वर्षांतले काढा, त्यावर रस्ता नावानिशी दिसतो. न्यूयॉर्क शहराचा 1924 चा हवाई छायाचित्रांचा नकाशाही ऑनलाइन आहे. क्वीन्ससाठी तो उत्तम, फक्त एक ध्यानात ठेवा: पश्चिमेचा शेवटचा विस्तार 1926 चा आहे, तो त्यात दिसणार नाही.

आता जुना नकाशा एका खिडकीत आणि आजचा उपग्रह नकाशा दुसऱ्या खिडकीत ठेवा आणि ही लक्षणं शोधा: घरांच्या रांगांना तिरकी छेदत गेलेली मोकळी पट्टी, विनाकारण वाकडी झालेली मागच्या अंगणांची कुंपणं, विजेच्या मोठ्या टॉवर्सची रांग. आजूबाजूचे सगळे रस्ते काटकोनात आणि एकच रेघ वाकडी चाललीय, तर ती बहुतेक हीच. सापडलेल्या जागांना फोनच्या नकाशात खुणा करून ठेवा. दोन तास घरी घालवलेत की बाहेर अर्धा दिवस वाचतो.

4. सोबत काय घ्यायचं

- पासपोर्ट किंवा राज्याचं ओळखपत्र. पासपोर्ट हॉटेलात आणि फोटो फोनमध्ये, असं करणारे भाडेगाडीच्या काउंटरवर लटकतात.
- गाडी भाड्याने घेणार असाल तर मूळ भारतीय परवाना, आणि निघताना आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना. न्यूयॉर्क राज्यात वैध भारतीय परवान्यावर पाहुण्याला गाडी चालवता येते, पण भाड्याच्या कंपन्यांचे आपापले नियम असतात. आंतरराष्ट्रीय परवाना एकटा चालत नाही, मूळ परवान्याबरोबरच चालतो.
- भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. मुलाचं चालत नाही.
- सबवे आणि बससाठी टॅप होणारं कार्ड किंवा फोन. लाँग आयलंड रेलरोडचं तिकीट वेगळं, ते आधी अॅपवर काढा. गाडीत चढून काढलंत तर महाग पडतं.
- पूर्ण लांबीची, फिकट रंगाची पँट आणि लांब मोजे. कारण पुढे सांगतो.
- पाणी, आणि फोनसाठी पॉवर बँक. दिवसभर नकाशा चालू राहिला की बॅटरी दुपारीच मान टाकते.

हंगाम कुठला? माझं ठाम मत नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य. पानगळ झालेली असते, झाडीतले खांब आणि मातीचे भराव लांबून दिसतात, बर्फ सहसा अजून साचलेला नसतो. ऑक्टोबरात रंग सुंदर, पण दिसतात ती पानंच. जुलै-ऑगस्टमध्ये झाडोरा इतका माजतो की दहा फुटांवरचा खांब दिसत नाही.

5. पहिला दिवस क्वीन्सला द्या

एकच दिवस असेल तर तो इथेच घालवा, बाकी सगळं सोडा. चार किलोमीटरच्या आसपासची सलग वाट, पूर्ण सुरक्षित, आणि जुने पूल अजून जागेवर. पार्कवे बंद झाला त्याच वर्षी, 1938 मध्ये, शहराने इथे सायकलची वाट केली. 2002 पासून हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे.

कसं जायचं: ई किंवा एफ सबवेने क्यू गार्डन्स-युनियन टर्नपाइक स्टेशन. तिथून युनियन टर्नपाइकवरून पूर्वेला जाणारी क्यू46 बस. कनिंगहॅम पार्कला उतरा. क्वीन्सच्या बसमार्गांची अलीकडेच फेररचना झालीय, तेव्हा थांबा त्या दिवशी अॅपवर बघूनच घ्या. पार्कात उत्तरेकडे 73 व्या अव्हेन्यूच्या दिशेने चालत गेलात की वाट लागते. पूर्वेला विंचेस्टर बुलेव्हार्डपाशी ती संपते आणि तिथून युनियन टर्नपाइकला येऊन तीच बस उलटी पकडायची. आल्या वाटेने परत चालायची गरज नाही.

वाटेत 73 वा अव्हेन्यू, हॉलिस हिल्स टेरेस आणि स्प्रिंगफील्ड बुलेव्हार्ड यांच्यावरचे जुने पूल लागतात. बहुतेक जण इथे फसतात, कारण पुलावरून चालताना पूल कळतच नाही. डांबराची वाट, दोन्ही बाजूंना झाडं, जरासा चढ, जरासा उतार, संपलं. म्हणून प्रत्येक पुलापाशी खाली उतरा. खालच्या रस्त्याच्या फूटपाथवर उभं राहून वर बघा. काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे आडवे ठसे, कडेला पोपडे निघालेले, पाणी झिरपून पडलेले पांढरे ओघळ. पुलाखालची मोकळीक अरुंद आहे. ज्यांनी तो बांधला त्यांच्या लेखी खालून जाणार होती घोडागाडी किंवा शेतकऱ्याचा छकडा, आणि आज त्याच फटीतून एसयूव्ही जातात.

पुन्हा वर या आणि चालताना एक गोष्ट मोजा: सिग्नलला किती वेळा थांबलात? क्वीन्ससारख्या भागात एवढं अंतर चालायचं म्हणजे चौकाचौकाला थांबणं आलं. इथे वाट रस्त्यांच्या डोक्यावरून जाते, कारण ती मुळात तशीच आखली होती. या रस्त्यात जे नवं होतं ते तुमच्या पायांना कळतं, माहितीफलक वाचायची गरज पडत नाही.

वाटेच्या कडांना झाडीत बुटके काँक्रीटचे खांब शोधा. मूळ कठड्याचे आहेत. काही सरळ, काही मुळांनी ढकलून तिरके, शेवाळ चढलेले, एखाद्याचा कोपरा फुटून आतली गंजकी सळई डोकावते. हात लावा, फोटो काढा, पण तुकडा उचलून खिशात घालू नका. वारसास्थळ आहे, आणि तसं नसतं तरी घालू नका.

दोन धोके. सायकलवाले जोरात येतात, तेव्हा उजवीकडून चाला आणि फोटोसाठी मधोमध थबकू नका. आणि झाडीत शिरायचं झालं तर गोचिडीची काळजी घ्या. इथल्या गोचिडी लाइम नावाचा आजार देतात, गंमत नाही. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत तपासा. तीन पानांच्या झुबक्याची पॉयझन आयव्ही वेल खांबांवर हटकून चढलेली असते, तिला हात लागला तर आठवडाभर खाजवत बसाल.

भूक लागली की विंचेस्टरच्या टोकापासून हिलसाइड अव्हेन्यू जवळ आहे. बेलरोज-फ्लोरल पार्क पट्ट्यात भारतीय दुकानांची आणि खाणावळींची रांगच आहे. वडापाव मिळेलच याची खात्री देत नाही, पण चहा नक्की.

6. नॅसॉ: निवडक ठिकाणंच बघा

इथे गाडी हवी, आणि संयमही. सगळा पार्कवे शोधत फिरायचा हट्ट धरू नका, दिवस सिग्नललाच जाईल. माझ्या मते तीनच गोष्टी पुरेत.

पहिली, गार्डन सिटीतलं टोलघर. पार्कवेची टोलघरं म्हणजे नुसत्या टपऱ्या नव्हत्या. जॉन रसेल पोप या नामवंत वास्तुविशारदाने काढलेली बंगलीवजा घरं होती ती, टोल घेणारा कुटुंबासकट तिथेच राहायचा. रात्री गाडी आली की उठून टोल घ्यायचा. गार्डन सिटीचं टोलघर 1989 मध्ये मूळ जागेवरून उचलून सेव्हन्थ स्ट्रीटवर आणलं, आणि तिथल्या व्यापारी मंडळाचं कार्यालय त्यात आहे. कार्यालय आहे, संग्रहालय नाही, म्हणून कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जा आणि आत जायचं असेल तर आधी विचारा. सेव्हन्थ स्ट्रीटवर त्याच्याभोवती रस्ता शोधू नका, मूळ जागा क्लिंटन रोडला होती.

दुसरी, लेव्हिटाऊन. 1908 ते 1910 च्या शर्यतींचा प्रेक्षकांचा स्टँड याच माळावर होता. तेव्हा इथे हेम्पस्टेड प्लेन्स नावाचं मैलोन्मैल गवताळ रान होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यावर एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. पाहण्यासारखं काही नाही हे आधीच सांगतो. पण वसाहतीतून जाणारी विजेच्या तारांची पट्टी पाहा, पार्कवेची मोकळी जागा वीजवाहिन्यांना आयती मिळाली. पट्टीलगतची कुंपणं, अंगणं खाजगी आहेत. "जरा दोन पावलं आत" करू नका. अमेरिकेत अनोळखी माणूस अंगणात दिसला की लोक थेट पोलिसांना फोन करतात, आणि ते येतातही.

तिसरी, 1904 चा त्रिकोण गाडीने फिरणं. हे मला सगळ्यात मजेचं वाटतं. आजच्या हिशेबात ढोबळमानाने: राज्य रस्ता 25, म्हणजे जेरिको टर्नपाइक, पूर्वेला जेरिकोपर्यंत. तिथून 107 ने दक्षिणेला हिक्सव्हिलवरून खाली. मग 24, म्हणजे हेम्पस्टेड टर्नपाइक, पश्चिमेला. तंतोतंत तोच कोर्स नव्हे, पण मोजमाप कळतं. हीथने हा त्रिकोण दहा वेळा मारला. तुमची एक फेरी रविवारी सकाळीही किती वेळ खाते ते घड्याळात बघा. कामाच्या दिवशी संध्याकाळी चुकूनही जाऊ नका.

आणि हिक्सव्हिलला थांबा. जिथे 1904 ला रेसगाड्यांना सायकलमागे हळूहळू जावं लागायचं त्याच गावात आज लाँग आयलंडचा मोठा भारतीय बाजार आहे. किराणा, मिठाई, साड्या, सगळं. आपली मराठी मंडळी शनिवारी इथे भाजी घ्यायला येतात आणि पार्किंग शोधत त्याच वेगाने पुढे सरकतात.

7. सफोक: इथे मात्र गाडी चालवा

डिक्स हिल्समध्ये हाफ हॉलो रोडपाशी काउंटी रोड 67 सुरू होतो आणि लेक रॉन्कॉन्कोमाजवळ रोझव्हेल अव्हेन्यूला संपतो. मूळ पार्कवेवरून आजही मोटार चालवता येते ती इथे, आणि टोलही नाही.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, टेकाडांचा भाग आधी लागतो. लाँग आयलंडच्या मधून हिमयुगातल्या हिमनद्यांनी टाकलेल्या गाळाची रांग गेलीय. पार्कवे बांधणाऱ्यांनी ती फारशी कापली नाही, रस्ताच तिच्याप्रमाणे वळवला. म्हणून जिथे रस्ता अरुंद, दोन लेनचा आणि अचानक वळतो-चढतो, तिथे तुम्ही जुन्या आखणीवर आहात. जिथे तो चार लेनचा, सरळ, मधे दुभाजक आणि बाजूला कार्यालयांच्या काचेच्या इमारती, तिथे काउंटीने नंतर रुंद केलाय. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की सगळा रस्ता वाचता येतो.

खबरदारी: वळणांवर थांबू नका, गाडी कडेला लावून फोटो काढू नका, बऱ्याच ठिकाणी कडेला जागाच नाही. फोटो शेजारच्या माणसाने काढायचे. वेगमर्यादा पाळा. विली के.च्या रस्त्यावर जोरात मारायचा मोह होतो खरा, पण दंडाची पावती घरमालकाच्या, म्हणजे मुलाच्या, पत्त्यावर येते आणि मग घरात शांतता राहत नाही.

शेवटी तलाव. लाँग आयलंडवरचा हा सगळ्यात मोठा गोड्या पाण्याचा तलाव. पार्कवेच्या या टोकाला गाडीवाल्या शौकिनांसाठी पेटिट ट्रायनॉन नावाचं हॉटेल होतं, ते आता नाही. दारूबंदीच्या काळात या निर्जन, पोलिसांची वर्दळ नसलेल्या रस्त्याने चोरटी दारू शहरात जायची असं सांगतात. वाहतूक पाहता पटण्यासारखं आहे.

8. वस्तू कुठे आहेत

विली के.चा बंगला, 'ईगल्स नेस्ट', सेंटरपोर्टला समुद्राच्या काठी आहे. आता सफोक काउंटीचं व्हँडरबिल्ट संग्रहालय आणि तारांगण. सफोकच्या दिवसाला जोडून घ्या. मोटारींच्या अपेक्षेने जाऊ नका, त्याला समुद्रातले जीव गोळा करायचा त्याहून मोठा नाद होता आणि घरभर तेच आहेत. उघडण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात. बंगला आतून पाहायची फेरी वेगळी, तारांगणाचं तिकीट वेगळं, तेव्हा काय हवंय ते आधी ठरवूनच पैसे भरा.

करंडक लाँग आयलंडवर नाही. तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, आणि संग्रहात असणं म्हणजे दालनात मांडलेलं असणं नव्हे. त्याच्यासाठी म्हणून वॉशिंग्टनचं तिकीट काढण्याआधी चौकशी करा. 1908 ची जिंकलेली लोकोमोबाईल, 'ओल्ड 16', मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाकडे आहे. डेट्रॉईट भागात कुणी नातेवाईक असेल तर ती जरूर बघा. शर्यतीची खरीखुरी, डोळ्यांनी दिसणारी निशाणी म्हणाल तर तीच, आणि शेजारी बसणाऱ्या मेकॅनिकची उघडी सीट पाहिली की वरचं सगळं वाचलेलं एकदम खरं वाटायला लागतं.